यंदा खळं मीच केलं (दोनदा)

मागच्या मे महिन्यात गावच्या घरासमोर पेव्हर ब्लॉक घालायचं जवळजवळ ठरलं होतं. अंगण आमचं २२ बाय १८ फूट, म्हणजे ४०० चौरस फुटाला चारच कमी, आणि त्या माणसाने ६५ रुपये फुटाचा भाव सांगितलेला, म्हणजे पंचवीस-सव्वीस हजारात कायमची कटकट मिटली असती. मी अॅडव्हान्सपण द्यायला निघालो होतो. आई फक्त एवढंच म्हणाली की "मग तुळस कुठे ठेवणार, गच्चीवर?" आणि आत गेली. आता तुळशीचा आणि पेव्हरचा काय संबंध, वृंदावनाच्या भोवतीने ब्लॉक बसतातच की, पण आईच्या अशा वाक्यांना उत्तर नसतं हे ज्यांना आई आहे त्यांना माहितीये.

तर ते राहिलं. आणि मग मीच कुठल्यातरी बेसावध क्षणी बोलून गेलो की यंदा खळं मी करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात घरासमोरच्या मातीच्या अंगणाला खळं म्हणतात. घाटावरचे लोक खळं म्हटलं की मळणीचं समजतात, तेही बरोबरच आहे, आमच्याकडेही भाताची झोडणी पूर्वी इथेच व्हायची. पण हे खळं वर्षभर टिकत नाही. सिंधुदुर्गात पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, त्यात कुठलंही सारवलेलं अंगण राहणं शक्य नाही, जून ते सप्टेंबर तिथे गवत, शेवाळ, गांडुळं आणि एखाददुसरा बेडूक असा संसार चालतो. दसऱ्यानंतर ते सगळं खरवडून, खणून, चोपून, सारवून परत नवीन करायचं, तुळशीच्या लग्नाच्या आत. दर वर्षी. आजोबा करायचे, मग काका करायचे, मग काका गेले आणि मधली सहा वर्षं पैसे देऊन कोणाकडून तरी करून घेतलं, आणि आता ते करणारे पण गोव्याला कामाला जातात कारण तिथे रोज जास्त मिळतो. त्यांचं बरोबरच आहे.

मी डोंबिवलीकर, लॅपटॉपवर पोट भरणारा, कंपनीने घरून काम करायला दिलंय म्हणून वर्षातले तीनचार महिने इथे असतो. हाताने काही करायची आवड आहे, म्हणजे कोंबड्यांचा खुराडा केलाय, पंप स्वतः उघडून परत बसवलाय (एक वॉशर उरला पण पंप चालतोय). त्यामुळे मला वाटलं माती तर आहे, तिला काय करायचंय, दोन रविवारात होईल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. पहिलं काम गवत काढायचं, ते कोयत्याने कापून भागत नाही, मुळासकट निघायला पाहिजे, नाहीतर सारवणातून आठ दिवसांत वर येतं. खोऱ्याने खरवडलं, जिथे नाही निघालं तिथे बसून हाताने उपटलं. मग टिकावाने खणायला घेतलं, चार बोटं खोल, आणि तिथे पहिल्यांदा कळलं की आपल्या हातांना कीबोर्डची सवय आहे. आमची माती लाल, जांभ्याची झीज होऊन झालेली, लोखंडामुळे तो रंग, आणि पाऊस थांबून उन्हं पडली की दगडासारखी होते. पाव अंगण होईपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले.

हा जांभा मोठा गमतीचा प्रकार आहे बरं का, खाणीत असताना कुऱ्हाडीने कापता येईल इतका मऊ आणि एकदा बाहेर काढून हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या माणसाने केरळात अंगडीपुरम इथे तो पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात, लॅटिनमध्ये वीट म्हणजे ‘लेटर’ यावरून त्याचं लॅटराइट असं नाव ठेवलं. आमच्याकडे त्याला चिरा म्हणतात आणि परसात जुन्या गोठ्याचे पडलेले बरेच चिरे होते, ते मी खळ्याच्या खालच्या कडेला एका ओळीत लावून टाकले, म्हणजे माती वाहून जाणार नाही. या एका गोष्टीसाठी मला कोणीही नावं ठेवली नाहीत.

बाकी सगळ्यासाठी ठेवली.

खळ्याला उतार पाहिजे. फार नको, चार-पाच फुटाला एक इंच पुरतो, पण घराकडून बाहेरच्या बाजूला पाहिजे, नाहीतर अवकाळी पाऊस आला की पाणी पडवीत. त्यासाठी मी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक पडवीच्या जोत्याला धरायचं आणि दुसरं टोक लांब काठीला, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं, तिथे खूण करायची आणि मग खाली किती अंतर आहे ते मोजायचं. वीस रुपयांच्या नळीत जेवढं विज्ञान आहे ते बघून मी तर खूष, चारी कोपऱ्यांना खुंट्या मारून सुतळी ताणली. शेजारचे तात्या गडग्यावर (कुंपणाच्या दगडी बांधावर) बसून हे सगळं बघत होते. सत्तरी पार केलेले, माझ्या आजोबांबरोबर खळी केलेले गृहस्थ. ते उठले, आत गेले, तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या मोजलेल्या उतारावर ओतलं. पाणी थोडं पुढे गेलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि वळून तुळशीकडे गेलं. तात्या काही बोलले नाहीत. तांब्या घेऊन परत गेले.

चूक नळीची नव्हती, खणलेली माती मी सैल असताना मापली होती, ती एका बाजूला जास्त दबली. म्हणजे आधी दाबायचं, मग मापायचं, मग परत दाबायचं.

आता चोपणं. चोपणं म्हणजे लाकडी थापी, खाली सपाट, पोटाकडे जरा गोलसर, आणि दांडा वाकडा, असा की बसून मारताना हाताची बोटं जमिनीवर आपटू नयेत. मालवणीत पेटणं पण म्हणतात. खरं चोपणं एकाच लाकडातून काढलेलं असतं, जिथे फांदी मूळ खोडाला वाकडी फुटते तो तुकडा शोधून. मी काय केलं तर सॉ मिलमधून दीड इंची फळी आणली आणि तिला मागून कुदळीचा जुना दांडा स्क्रूने फिट केला. दिसायला एक नंबर. फोटो काढून ग्रुपवर टाकला, शाळेतल्या मित्रांनी अंगठे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दांडा माझ्या हातात आणि फळी तुळशीच्या पलीकडे.

तात्या गडग्यावर होतेच.

"चोपूचा असता रे, मारूचा नसता," एवढं बोलून ते घरी गेले आणि त्यांचं चोपणं घेऊन आले. किंजळीचं, वापरून वापरून काळंभोर, दांड्याला हाताच्या जागी खळगा पडलेला. "ह्या घेवन जा. पण परत आणून दी."

त्या चोपण्यात आणि माझ्या फळीत काय फरक होता हे हातात घेतल्यावरच कळतं. ते आपल्याच वजनाने पडतं, आपण फक्त उचलायचं. ताकद लावली की उलट माती उडते. ओल बरोबर पाहिजे, मूठभर माती दाबली की लाडू वळला पाहिजे पण हाताला चिकटता कामा नये. चिकटली तर चोपण्यालाच येते आणि खाली खड्डा, सुकी असली तर नुसती धूळ. त्यामुळे संध्याकाळी पाणी शिंपडायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी सहा ते नऊ चोपायचं, उन्हं चढली की बंद. मी नऊच्या मीटिंगलाही एकदा म्यूट करून चोपत होतो, पण म्यूट झालं नव्हतं, मॅनेजरने विचारलं तुमच्याकडे कन्स्ट्रक्शन चालू आहे का. मी म्हटलं हो. खोटं नाही बोललो.

मध्ये एक शहाणपणा सुचला होता तो पण सांगून टाकतो. वाचलं होतं की वारुळाची माती जमिनीला सगळ्यात चांगली, वाळव्यांनी चाळून चिकट केलेली असते, भेगा पडत नाहीत. हे खरंच आहे, जुनी माणसं पण वापरायची. आमच्या काजूच्या बागेत कंबरेएवढं वारूळ आहे, मी घमेलं आणि फावडं घेऊन निघालो तर आईने वाटेतच अडवलं. आमच्या भागात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात, कितीतरी देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच आहे. म्हणजे प्रत्येक वारूळ काय देवी नसतं, पण कुठलं आहे आणि कुठलं नाही हे डोंबिवलीहून आलेल्याने ठरवू नये, असा एकूण सूर. फावडं खांद्यावर घेऊन परत आलो. तिथून जवळच एक धनेशाची जोडी जांभळीवर बसलेली दिसली, आमच्याकडे त्याला माडगरुड म्हणतात, उडताना पंखांचा एवढा आवाज येतो की वर न बघता कळतं कोण चाललंय. सहल फुकट नाही गेली.

तर चोपून झालं, उतार बरोबर झाला, तात्यांचा तांब्या पास झाला (हो, परत आणला होता), एक हात शेणाचा पण दिला आणि मी लक्ष्मीपूजनाला पांढरा लेंगा-झब्बा घालून त्या खळ्यावर पणत्या लावल्या. काय दिसत होतं! बहिणीला व्हिडिओ कॉल करून दाखवलं.

रात्री साडेअकराला पाऊस. साधा नाही, विजा-बिजा सगळं, आषाढासारखा. पडवीत उभा राहून मी बघत होतो आणि पणत्या एकेक करून विझत होत्या आणि खळ्याचं सूप होत होतं. सकाळी बाहेर पाऊल टाकलं ते घोट्यापर्यंत आत. वर आमच्या कुत्र्याने रात्रभर त्यात फेऱ्या मारलेल्या.

तात्या आले, बघितलं. "ह्या खळा नाय, ह्यो चिखल. पाऊस अजून गेलो नाय, तुका घाई कित्याक?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस खय?"

खरंच विचारलं नव्हतं. व्हिडिओ सात बघितले होते, एक राजस्थानातला पण होता जिथे पाऊसच पडत नाही, पण चार पावलांवर बसलेल्या माणसाला विचारलं नव्हतं. तात्यांचा हिशोब असा की दसऱ्याला गवत काढून ठेवायचं, जमीन उघडी करायची, बस. खणणं-चोपणं दिवाळीच्या नंतर. वारा फिरून सकाळी गार वाटायला लागलं, गवतावर दव दिसायला लागलं की समजायचं पाऊस गेला. अॅप बघायची गरज नाही. (अॅपने त्या रात्री ढगाळ सांगितलं होतं.)

तुळशीच्या लग्नाला बारा दिवस उरलेले. तीन दिवस तर नुसतं सुकायची वाट बघण्यात गेले. पण या वेळी एक चांगलं झालं की सगळं परत खणावं लागलं नाही, आतली चोपलेली थर घट्ट होती, वरची दोनच बोटं गेली होती, आणि पावसाने जिथे जिथे पाणी साचवलं तिथे माझा उतार कुठे खोटा होता ते स्वतःच दाखवून दिलं होतं. नळीपेक्षा अचूक. तिथे माती भरली, परत पाणी, परत धप धप. या वेळी वाडीतली दोन पोरं पण आली चोपायला, त्यांना ते वाजवायला आवडतं, त्यांनी त्यात ताल धरला आणि खरं सांगतो, तालात चोपलं की हात दुखत नाही. पाचव्या दिवशी टाच आपटून बघितली तर खूण उमटली नाही.

मग शेण. इथे मला वाटलं होतं की गावात शेणाला काय तोटा. पण आमच्या वाडीत आता मोजून दोन घरांत गुरं राहिलीत, नांगराच्या जागी पॉवर टिलर आले, गोठ्यांची पार्किंग झाली. सारवायला शेण ताजं लागतं आणि एका वेळी दोनतीन घमेली लागतं आणि तुळशीच्या लग्नाआधी ते सगळ्यांनाच लागतं. वरच्या घरातल्या काकीकडे चक्क नंबर लावावा लागला. सकाळी पावणेसहाला बादली घेऊन मी गोठ्याच्या दारात उभा, आणि माझ्या पुढे दोघी. ऑनलाइन तिकीट काढल्यासारखं वाटलं, म्हणजे कोकणकन्येचं गणपतीतलं.

काकीने मला शिकवलं पण. शेणातली काड्या-कचरा वेचून काढायचा, पाणी घालून आंबोळीच्या पिठाएवढं सरबरीत करायचं. जाड लावायचं नाही, लोकांना वाटतं जाड लावलं की टिकेल, ते पापुद्रे धरून सुटतं. शेणात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात, तेच मातीला धरून ठेवतात आणि भेगा पडू देत नाहीत, त्यामुळे पातळ दोन हात दिलेले बरे. आणि भर उन्हात सारवायचं नाही. संध्याकाळी सारवायचं, रात्रभर हळू सुकू द्यायचं. घराजवळचा भाग हाताने, मागे मागे सरकत, अर्धगोल फिरवत. बाकीचं मोठं अंगण हिराच्या खराट्याने ओढायचं. काकीचे अर्धगोल एकात एक बसलेले, माशाच्या खवल्यांसारखे, आणि माझे म्हणजे कोणीतरी गाडीची काच पुसताना मध्येच फोन आला असावा तसे. शिवाय मी स्वतःला वृंदावनाच्या कोपऱ्यात सारवून घेतलं, निघायला वाट नाही, तिथेच कट्ट्यावर पाऊण तास बसून राहिलो. आईने चहा पडवीतून दाखवला आणि स्वतः प्यायली.

पूर्वी सारवण काळंशार व्हावं म्हणून त्यात करवंटीच्या कोळशाची पूड घालायचे, आणि मला लहानपणचं आठवतंय की टॉर्चचे जुने सेल फोडून आतली काळी पूड पण घालायचे, आम्ही पोरं ते सेल गोळा करून ठेवायचो. तो प्रकार आता अजिबात करू नका, त्यात काय काय असतं आणि आपण त्यावर अनवाणी चालतो, जेवायला बसतो. मी करवंट्या जाळून पूड केली, दुसऱ्या हातात मिसळली. रंग काळा नाही आला, करडा आला, पण बरा आला.

लग्नाच्या दिवशी दुपारीच सगळं सुकलं. वृंदावनाला चुना काढला, ऊस बांधला, दिंड्याची काठी पोरांनी कुठूनतरी आणली, चिंचा-आवळे लावले. आमच्याकडे अख्खी वाडी घरोघर फिरते, एका घरचं लग्न लागलं की पुढच्या. आमच्या खळ्यावर पंचवीसतीस माणसं, पोरांनी मंगलाष्टकं बेसूर आणि मनापासून म्हटली, अक्षता कमी तुळशीवर आणि जास्त एकमेकांवर, मग पोहे-गूळ-खोबरं, उसाची कांडकी. तात्या खुर्ची नको म्हणाले, खाली बसले. बसताना तळहात जमिनीवर फिरवला तेवढं मी बघितलं. "बरा केलंस," म्हणाले, आणि मग लगेच, "तुळशीच्या मागे जरा उचाललेला हा, बघ."

खरंच उचललेलं होतं. तिथे मी कट्ट्यावर अडकलो होतो त्या दिवशी पायाने दाबून ठेवलेलं.

त्या रात्री चटई टाकून खळ्यावरच झोपलो. नोव्हेंबरात दव पडतं, डोक्याला टॉवेल गुंडाळावा लागतो, पण आडवं पडल्यावर कृत्तिकांचा पुंजका वरती आणि पूर्वेकडे माडांच्या मागून मृगाचे तीन तारे वर येताना दिसतात, आणि शेणाचा वास म्हणाल तर पहिल्या रात्रीनंतर येतच नाही. डोंबिवलीचे मित्र विचारतात डास चावत नाहीत का. चावतात की.

खर्चाचं विचाराल तर टिकावाचा नवीन दांडा, नळी, सॉ मिलची ती फळी, आणि दोन पोरांना वडापाव, सगळं मिळून सातशेच्या आत. मजुरी स्वतःची, ती धरली तर पेव्हर परवडला असता, हे मी आईला सांगितलेलं नाही. पेव्हरवाल्यांना नावं ठेवायची नाहीत मला, ज्यांच्या घरी म्हातारी दोनच माणसं आहेत त्यांनी काय करावं. फक्त समोरच्या घरी सिमेंटचा कोबा केलाय तो एप्रिलमध्ये दुपारी तव्यासारखा तापतो आणि पावसात त्यावर असं शेवाळ धरतं की त्यांचा जावई मागच्या श्रावणात पाठीवर पडला. आमच्याकडे पडला असता तर निदान चिखलात पडला असता.

आता पुढचं काम माटवाचं, म्हणजे मांडवाचं. खळ्यावर सावलीला माटव घालायचा आणि मृग लागायच्या आत उतरवायचा. मेढी (खांब) मिळाल्यात, बांबू मिळालेत, झापं (माडाच्या झावळ्यांच्या चटया) विणायचीत. चुडत (झावळी) मधून उभं चिरायचं, पाण्यात भिजत घालायचं आणि मग एक पात खाली एक वर. साठ लागतील असा अंदाज आहे, माझी अकरा झालीत, त्यातली चार आईने उसवून परत विणली. वाडीतल्या पोरांना तेवढा वेळ थांबवत नाही, त्यांनी कालच पिड्याची (झावळीच्या देठाची) बॅट घेऊन खळ्यावर क्रिकेट सुरू केलं आणि स्टंपसाठी तीन भोकं पाडली, बरोबर मधोमध. मी ओरडत बाहेर गेलो. त्यांनी मला बॅटिंग दिली.

भोकं बुजवायचीत, वृंदावनामागचा उंचवटा काढायचाय, आणि एक हात परत द्यायलाच आलाय, पंधरा दिवस झाले. काकीने शनिवारचं शेण माझ्या नावावर ठेवलंय.